पऱ्हाटीतून उगवलेलं अमेरिकन गाणं

बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या एका खोलीत मी संध्याकाळी गाणं आणि हार्मोनियम शिकवतो. माझे बहुतेक विद्यार्थी कामगारांची मुलं आहेत. कुणाचे वडील कापड गिरणीत, कुणाचे पॉलिस्टरच्या धाग्याच्या कारखान्यात. कुणाचं गाव यवतमाळकडे, कुणाचं बिहारात. अलीकडे त्यांतल्या बऱ्याच जणांच्या पाठीवर गिटार दिसते. ही मुलं मोबाइलवर इंग्रजी गाणी ऐकतात आणि मला विचारतात, "सर, हे आपल्या पेटीवर बसते का?" मी त्यांना धानी राग शिकवतो. सा, कोमल गंधार, मध्यम, पंचम, कोमल निषाद आणि वरचा सा. मग सांगतो, आता याच सुरांवर गिटारची बोटं फिरवा. अमेरिकेतला ब्ल्यूज नावाचा गाण्याचा प्रकार आणि त्यातून पुढे निघालेला रॉक, यांच्या कितीतरी चाली या पाच सुरांच्या अंगणात खेळतात.

मुलांचे डोळे चमकतात. पण मला त्यांना पुढची गोष्ट सांगायची असते. ती अशी, की हे सूर ज्यांच्या गळ्यात घडले ती माणसं दिवसभर कापूस वेचत होती. बुटीबोरीत बसून हे सांगताना मला दुसऱ्या देशाचा इतिहास सांगतो आहे असं वाटत नाही.

बुटीबोरीहून एक रस्ता वर्ध्याला फुटतो, दुसरा हिंगणघाटावरून थेट हैदराबादकडे जातो. दसऱ्यानंतर या पट्ट्यातली वावरं पांढरी होतात. माझं लहानपण अशाच पऱ्हाटीत गेलं. आमच्या घरी पहिल्या वेचणीला सीतादही व्हायची. दहीभाताचा नैवेद्य दाखवल्याशिवाय माय पहिल्या बोंडाला हात लावत नसे. मग कमरेला ओटी बांधलेल्या बायांची रांग पऱ्हाटीच्या तासातासाने पुढे सरकायची. एकीने गाण्याची ओळ टाकली की बाकीच्या ती उचलायच्या. पुढे मिसिसिपीतल्या मळ्यावरच्या मजुरांच्या गाण्याचं जुनं ध्वनिमुद्रण ऐकायला मिळालं, तेव्हा भाषा कळली नाही तरी काम कळलं. हात कधी खाली जातो, पाय कधी पुढे पडतो, ते ऐकू येत होतं.

अमेरिकन संगीत म्हटलं की आपल्याला चकचकीत मंच आणि हजारो दिवे आठवतात. त्याचं मूळ शोधायचं तर सरकीपाशी यावं लागतं. कापसातून सरकी वेगळी काढणं हे फार वेळखाऊ काम. १७९३ मध्ये एली व्हिटनी नावाच्या माणसाने त्यासाठी हाताने फिरवायचं यंत्र बनवलं. सरकी झटपट निघू लागली, मग कापूस जितका पिकवावा तितका कमीच. दक्षिणेतली राज्यं एकामागून एक कापसाखाली गेली. हा कापूस पेरायला, निंदायला आणि वेचायला आफ्रिकेतून पकडून आणलेल्या माणसांची आणि त्यांच्या लेकरांची गुलामी होती. व्हर्जिनियात आफ्रिकी माणसं प्रथम १६१९ मध्ये उतरवली गेली. १७९० च्या शिरगणतीत अमेरिकेत सुमारे ७ लाख गुलाम होते. १८६० च्या शिरगणतीत ते जवळजवळ ४० लाख झाले होते. यंत्राने सरकी काढण्याचे कष्ट वाचवले आणि माणसांची गुलामी कित्येक पटींनी वाढवली.

या माणसांकडे काय उरलं होतं? एका जहाजात निरनिराळ्या भाषांची माणसं कोंबलेली असत. नवरा एका मळ्यावर, बायको दुसऱ्या. १७३९ मध्ये साउथ कॅरोलायनात स्टोनो नदीकाठी गुलामांनी उठाव केला, तेव्हा ते ढोल वाजवत निघाले होते. पुढच्याच वर्षी तिथल्या कायद्याने त्यांच्या ढोलांवर बंदी घातली. ज्यांच्या गावात ढोल निरोप पोचवत असे, त्यांच्या हातून ढोल गेला. मग ते टाळ्या वाजवू लागले, मांडीवर, छातीवर थापा मारू लागले, लाकडी फळ्यांवर टाचा आपटू लागले. अंगावर वाजवायच्या या ठेक्यांना 'जूबा' म्हणत. आजच्या पॉप गाण्यात दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर जी टाळी पडते, तिच्यामागे या अंगावर वाजणाऱ्या तालाची परंपरा आहे.

बँजोचंही तसंच. गणपतीच्या मिरवणुकीत आपल्याकडे बँजो पार्टी असते, तिचं वाद्य वेगळं. ते जपानी घराण्याचं, बटणं दाबून वाजवायचं. अमेरिकेतला बँजो आला तो पश्चिम आफ्रिकेतून. वाळवलेल्या भोपळ्यावर कातडं ताणायचं, त्याला दांडी बसवायची, तारा लावायच्या. वारकऱ्याच्या हातातली एकतारी ज्याने पाहिली आहे त्याला हे वाद्य अनोळखी वाटणार नाही. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या थॉमस जेफरसनने व्हर्जिनियावरच्या आपल्या पुस्तकात स्पष्ट नोंदवलं आहे, की हे वाद्य गुलामांनी आफ्रिकेतून आणलं. नंतर गोऱ्या नटांनी तोंडाला काजळी फासून, काळ्या माणसांची टवाळी करणारे खेळ केले आणि त्यात हाच बँजो वाजवला. १८३० नंतरची कित्येक दशकं हे खेळ अमेरिकेत गाजत होते. त्या देशाच्या करमणुकीच्या धंद्याचा पाया असा दुसऱ्याच्या अपमानावर घातला गेला, हे विसरून चालणार नाही.

सॉलोमन नॉर्थअप या माणसाबद्दल मी मुलांना आवर्जून सांगतो. तो न्यूयॉर्क राज्यातला स्वतंत्र काळा नागरिक होता आणि उत्तम व्हायोलिन वाजवायचा. १८४१ मध्ये वाजवण्याच्या कामाचं आमिष दाखवून त्याला पळवलं आणि लुईझियानात गुलाम म्हणून विकलं. बारा वर्षांनी सुटल्यावर त्याने जे पुस्तक लिहिलं त्यात वेचणीचं वर्णन आहे. रोजचा ठरलेला आकडा २०० पौंड, म्हणजे ९० किलो. आमच्याकडे हात चालणारी बाई चाळीस-पन्नास किलो वेचते तेव्हा गाव तिचं नाव घेतं. संध्याकाळी काट्यावर वजन कमी भरलं तर पाठीवर आसूड. जास्त भरलं तर उद्यापासून तेवढाच आकडा. आणि रात्री मालकाला लहर आली की त्याच थकल्या गुलामांना नाचायला उभं करायचं आणि नॉर्थअपने व्हायोलिन वाजवायचं. फ्रेडरिक डग्लस हा गुलामीतून निसटलेला मोठा वक्ता आणि लेखक. त्याने १८४५ मध्येच लिहून ठेवलं, की गुलाम गातात म्हणून ते सुखी आहेत असं मानणाऱ्यांना काहीच कळलेलं नाही. माणूस सर्वांत दुःखी असतो तेव्हा सर्वांत जास्त गातो.

या गाण्याची रचना आपल्याला नवी नाही. एकाने ओळ टाकायची, बाकीच्यांनी तिला उत्तर द्यायचं. आपल्याकडे पोवाड्यात शाहिराच्या मागे झिलकरी झील धरतात. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी घुमू लागली की अख्खं गाव धृपद उचलायचं. आमच्या भागातल्या भजनी मंडळांत ती रीत आजही आहे. अमेरिकेतल्या काळ्यांच्या चर्चमध्ये पाद्री बोलता बोलता गाऊ लागतो आणि समोरचे लोक त्याला सुरात साथ देतात, ती याच जातीची गोष्ट. ऐकणारा आणि गाणारा यांच्यात तिथे भिंत नसते. एकदा हे कान देऊन ऐकलं की अमेरिकेतल्या पुढच्या सगळ्या संगीतात ते ओळखू येतं. जॅझमध्ये तुतारीने विचारलेल्या प्रश्नाला सॅक्सोफोन उत्तर देतो, ते वावरातलंच बोलणं आहे.

आता आपल्याकडे येऊ. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्या प्रामुख्याने अमेरिकन कापसावर चालत. त्यांना कापूस मिळेना. इंग्रजांची नजर वऱ्हाड-नागपूरच्या काळ्या जमिनीवर आधीपासूनच होती, आता ती खिळली. भाव चढले, मुंबईत पैशाचा पूर आला. लिव्हरपूलच्या बाजारात कापसाच्या जातींना आमच्या गावांची नावं होती. 'हिंगणघाट' हा एक नावाजलेला कापूस, आणि उमरावतीवरून, म्हणजे अमरावतीवरून, 'ऊमरा' हा दुसरा. १८६५ मध्ये युद्ध संपलं, अमेरिकेतले गुलाम मुक्त झाले आणि इकडे मुंबईचा शेअर बाजार कोसळला. पण कापूस राहिला. १८६७ मध्ये मुंबईहून रेल्वे नागपूरला पोचली. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. ज्वारी पिकवणारं वावर बाजारासाठी कापूस पिकवू लागलं, आणि पिकाबरोबर सावकार आणि लिव्हरपूलचा भाव असे दोघेही शेतकऱ्याच्या दारात येऊन बसले.

मला एका वर्षाचं नेहमी आश्चर्य वाटतं. ज्या १८६७ मध्ये कापूस न्यायला आगगाडी नागपुरात आली, त्याच वर्षी अमेरिकेत गुलामांच्या गाण्यांचा पहिला मोठा संग्रह छापून निघाला. तीन संपादकांनी ती गाणी ऐकून स्वरलिपीत उतरवली होती. काही स्वर या लिपीत धरताच येत नाहीत, अशी कबुलीही त्यात आहे. त्या न धरता येणाऱ्या स्वरांकडे मी थोड्या वेळाने येतो.

१८७१ मध्ये टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिल इथल्या फिस्क विद्यापीठाकडे पैसे उरले नव्हते. मुक्त झालेल्या गुलामांच्या शिक्षणासाठी ते पाच वर्षांपूर्वीच सुरू झालेलं. तिथल्या नऊ विद्यार्थ्यांचा चमू ६ ऑक्टोबरला गाणी गात पैसे गोळा करायला निघाला. त्यांतले बहुतेक जण जन्माने गुलाम. सुरुवातीला ते सभ्य समाजाला आवडतील अशी गाणी गात; आईबापांची भक्तिगीतं लोकांसमोर म्हणायला संकोच वाटे. ती गायला लागल्यावर सभागृहं भरू लागली. १८७३ मध्ये ते इंग्लंडला गेले, राणी व्हिक्टोरियापुढे गायले. त्या पैशातून उभी राहिलेली ज्युबिली हॉल ही इमारत नॅशव्हिलमध्ये आजही आहे.

आणि त्याच १८७३ मध्ये पुण्यात जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' प्रसिद्ध केलं. गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जन लोकांना त्यांनी ते अर्पण केलं, आणि आपल्या देशबांधवांनी हा कित्ता शूद्रांच्या बाबतीत गिरवावा अशी आशा व्यक्त केली. एका मराठी माणसाने त्या शेतमजुरांचं आणि इथल्या शेतमजुरांचं नातं इतक्या आधी ओळखलं होतं. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात होते. काळ्यांची हार्लेम वस्ती तिथून जवळच. १९४६ मध्ये त्यांनी डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस या काळ्या विचारवंताला पत्र लिहिलं. हेच डू बॉइस फिस्क विद्यापीठात शिकलेले, आणि त्यांच्या १९०३ च्या प्रसिद्ध पुस्तकात प्रत्येक प्रकरणाच्या माथ्यावर गुलामांच्या दुःखगीताची एक स्वरओळ छापलेली आहे. दीक्षाभूमीच्या शहराजवळ राहणाऱ्या माझ्यासारख्याला ही साखळी महत्त्वाची वाटते.

अमेरिकेतून गुलामी कायद्याने गेली, कापूस गेला नाही. मालकाची जमीन, मालकाचं बियाणं, मालकाच्याच दुकानातून उधारीवर पीठमीठ, आणि पीक आलं की अर्धा वाटा. हिशेबाची वही मालकाकडे. वर्षाअखेर मजूर बहुधा देणेकरीच निघायचा. आमच्याकडे बटाई आणि सावकारी ज्यांनी पाहिली त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. मिसिसिपी नदीकाठच्या पट्ट्यात, डॉकरी नावाच्या कापसाच्या मळ्यावर, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चार्ली पॅटन नावाचा गायक वाढला. ब्ल्यूजची जन्मभूमी म्हणून लोक तो मळा आजही पाहायला जातात. डब्ल्यू. सी. हँडी या काळ्या बँडमास्तराने लिहिलं आहे, की १९०३ च्या सुमारास टटवायलर या लहानशा स्टेशनवर गाडीची वाट पाहताना त्याला जाग आली ती एका फाटक्या कपड्यांतल्या माणसाच्या गिटारने. तो माणूस तारांवर चाकूचं पातं घासत गात होता आणि एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणत होता. इतकं विचित्र संगीत हँडीने कधी ऐकलं नव्हतं.

ते पातं कशासाठी? इथे पेटी बाजूला ठेवावी लागते. ब्ल्यूजचा जो खास सूर आहे तो कोमल गंधार आणि शुद्ध गंधार यांच्या मधे कुठेतरी राहतो. पेटीवर ती जागाच नाही. एक पट्टी काळी, एक पांढरी, मधे काही नाही. पाश्चात्य स्वरलिपीतही नाही, म्हणूनच १८६७ च्या संपादकांची अडचण झाली. पण सारंगीवाल्याला ती जागा ठाऊक आहे, आपल्या गायकाला श्रुती ठाऊक आहेत. तारेवर चाकू किंवा बाटलीची मान सरकवली की तो मधला सूर सापडतो. आपल्या जोग रागात दोन्ही गंधार येतात आणि निषाद कोमल. जोग ऐकून कुणाला ब्ल्यूजची आठवण झाली तर त्यात चमत्कार नाही. मी मुलांना आधी जोग गायला लावतो, मग एका गंधारावरून दुसऱ्यावर मींडेने उतरायला सांगतो आणि मधेच थांबवतो. जिथे थांबलात, तिथे ब्ल्यूज आहे.

त्याचा साचाही आपल्या भाषेत सहज सांगता येतो. एका कडव्यात तीन ओळी. प्रत्येक ओळीला सोळा मात्रा, म्हणजे तीनतालाचं एक आवर्तन. पहिली ओळ म्हणायची. दुसरी ओळ म्हणजे पहिलीच पुन्हा, पण खालचा आधार षड्जावरून मध्यमावर सरकलेला. तिसरी ओळ पंचमावरून निघते, दोघींना उत्तर देते आणि षड्जावर घरी येते. प्रत्येक आवर्तनात गळा साधारण निम्मी जागा घेतो आणि उरलेल्या जागेत गिटार बोलते. म्हणजे वावरात जी झील दहा जणी धरत होत्या, ती एकट्या माणसाने आपल्या वाद्याकडे सोपवली. ओळ दोनदा म्हणण्याने गाणाऱ्याला तिसरी ओळ जागच्या जागी रचायला वेळ मिळतो. जात्यावर बसलेली बाई ओवीचं पहिलं चरण घोळवते, तेही काहीसं यासाठीच.

आणि या गाण्यांत विषय कोणते? आटलेली विहीर, पूर, तुरुंग, सोडून गेलेली बाई, आगगाडी, आणि कीड. कापसाच्या बोंडात शिरणारा एक भुंगा १८९२ च्या सुमारास मेक्सिकोतून टेक्ससमध्ये आला आणि पुढल्या तीस वर्षांत त्याने दक्षिणेतला कापूस पोखरून काढला. त्या भुंग्यावर गाणी आहेत. चार्ली पॅटनने १९२९ मध्ये एक मुद्रित केलं. त्यात भुंगा आणि शेतकरी एकमेकांशी बोलतात, आणि भुंग्याची बाजू वरचढ असते. २०१७ मध्ये आमच्या विदर्भात गुलाबी बोंडअळीने काय केलं ते वर्तमानपत्रांत सर्वांनी वाचलं. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-मजूर दगावले. बोंड फोडलं की आत कापसाऐवजी ती अळी, हे ज्याने पाहिलं आहे त्याला पॅटनचं गाणं कुणी समजावून देण्याची गरज नाही.

अमेरिकन संगीतात गोऱ्यांचा वाटा नाही असं कुणी समजू नये. स्कॉटलंड-आयर्लंडकडून आलेल्या गरीब शेतकऱ्यांनी अॅपलेशियन डोंगरांत आपली जुनी कथागीतं आणि व्हायोलिन जपलं. १९२७ मध्ये ब्रिस्टल गावी झालेल्या ध्वनिमुद्रणांतून कार्टर कुटुंब आणि जिमी रॉजर्स पुढे आले आणि या गाण्याला कंट्री संगीत म्हणू लागले. पण या संगीतातला बँजो आफ्रिकेचा होता. कार्टर कुटुंबाला गाणी गोळा करून देण्यात लेस्ली रिडल नावाच्या काळ्या गिटारवादकाचा मोठा हात होता. या गाण्यांतल्या कित्येक चाली आपल्या भूपाच्या पाच सुरांत बसतात, त्यामुळे माझ्याकडच्या लहान मुलांना त्या चटकन येतात.

न्यू ऑर्लिन्सला मात्र थांबायला हवं, कारण तिथून एक वाट नागपूर-अमरावतीपर्यंत येते. हे बंदर आधी फ्रेंचांचं, मग स्पॅनिशांचं. इथल्या काँगो चौकात रविवारी गुलामांना ढोल वाजवायची, नाचायची मुभा होती. यादवी युद्धानंतर तिथे पितळी वाद्यांचे बँड फोफावले. लग्न, वरात, अंत्ययात्रा, सगळीकडे बँड. त्या बँडच्या कवायती सुरावटीत ब्ल्यूजचा मधला सूर शिरला आणि ठेका बदलला. एका मात्रेचे दोन समान भाग न करता पहिला स्वर लांबवायचा, दुसरा आखडायचा; दादऱ्याची डोलणारी चाल मनात आणा. हा जॅझ. १९०१ मध्ये जन्मलेला लुई आर्मस्ट्राँग अत्यंत गरीब वस्तीतला पोरगा, सुधारगृहातल्या बँडमध्ये कॉर्नेट वाजवायला शिकला आणि विशीत असताना साऱ्या जगाला त्याने एकट्या वाद्याचं गाणं काय असतं ते दाखवलं.

१९२६ च्या सुमारास शिकागोत आर्मस्ट्राँगबरोबर एकाच वाद्यवृंदात टेडी वेदरफर्ड नावाचा पियानोवादक होता. तो पुढे पूर्वेकडे निघाला, शांघायहून मुंबईत आला, ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला आणि १९४५ मध्ये कोलकात्यात वारला. त्याच्या आधी, १९३५ च्या हिवाळ्यात, लिऑन अॅबी या काळ्या व्हायोलिनवादकाचा बँड ताजमध्ये उतरला होता. या लोकांना मायदेशात हॉटेलच्या पुढच्या दाराने आत जाणं कठीण होतं. मुंबईत त्यांच्याभोवती गोव्याचे वादक जमले. पोर्तुगीज गोव्यात चर्चच्या शाळांतून स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवत, त्यामुळे या मुलांना वाचून वाजवता यायचं. ऐकून, कागद सोडून वाजवणं ते काळ्या वादकांकडून शिकले. त्यांतला बार्देशच्या हळदोण्याचा अँतोनियो झेवियर वाझ ट्रंपेट असा वाजवायचा, की लोक त्याला हिंदुस्थानचा आर्मस्ट्राँग म्हणत. त्याने नाव घेतलं चिक चॉकलेट.

आता रामचंद्र नरहर चितळकर. पुणतांब्यात १९१८ मध्ये जन्मलेला हा मुलगा नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे गाणं शिकला; वसंतराव देशपांडेही याच सप्रेगुरुजींचे शिष्य. मुंबईच्या चित्रपटात तो सी. रामचंद्र झाला. त्याने चिक चॉकलेटला साहाय्यक म्हणून जवळ केलं. आणि तिसरा भगवानदादा, म्हणजे भगवान आभाजी पालव: जन्म १९१३, अमरावती, बाप गिरणी कामगार. या तिघांचा 'अलबेला' १९५१ मध्ये आला. भगवानदादांनी तो काढला, दिग्दर्शित केला आणि त्यात ते नाचले, सी. रामचंद्रांनी संगीत दिलं आणि चितळकर या नावाने गायलं. चिक चॉकलेट आपल्या बँडसह पडद्यावर दिसतो. देशभर लोक त्या ठेक्यावर वेडे झाले. कापसाच्या बाजारपेठेच्या गावी जन्मलेला कामगाराचा मुलगा आणि नागपूरला सरगम गिरवलेला संगीतकार यांनी, मिसिसिपीच्या कापसातून निघालेल्या ठेक्यावर सगळ्या देशाला नाचवलं. मला या गोष्टीचा मनापासून अभिमान आहे, आणि आमच्या भागात ती पुरेशी सांगितली जात नाही याचं वाईट वाटतं. १९५७ च्या 'आशा' चित्रपटात याच सी. रामचंद्रांनी रॉक अँड रोल आणलं, आणि १९६३ मध्ये शहीद जवानांसाठी जे गीत ऐकून दिल्लीत नेहरूंचे डोळे भरून आले, त्याची चालही त्यांचीच.

तिकडे अमेरिकेत कापसाचं गाणं कापूस सोडून निघालं होतं. १९४१ मध्ये अॅलन लोमॅक्स हा संग्राहक, फिस्क विद्यापीठाच्या लोकांसह, क्लार्क्सडेल गावाजवळच्या स्टोव्हॉल मळ्यावर ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन गेला. तिथे ट्रॅक्टर चालवणाऱ्या एका मजुराला त्याने त्याच्या झोपडीत गायला बसवलं. स्वतःचा आवाज यंत्रातून ऐकल्यावर त्या मजुराला आपण गायक आहोत याची खात्री पटली. १९४३ मध्ये तो शिकागोला गेला, तिथल्या गोंगाटात ऐकू यावं म्हणून विजेची गिटार घेतली. त्याचं नाव मडी वॉटर्स. त्याच्या १९५० च्या एका गाण्यावरून इंग्लंडच्या पोरांनी आपल्या चमूला रोलिंग स्टोन्स हे नाव ठेवलं. मडी वॉटर्स शिकागोला गेला त्याच्या पुढच्याच वर्षी, १९४४ च्या ऑक्टोबरात, क्लार्क्सडेलजवळच्याच हॉपसन मळ्यावर वेचणी यंत्रांचं जाहीर प्रात्यक्षिक झालं. हाताने वेचलेल्या गाठीचा खर्च ३९ डॉलरच्या वर, यंत्राने वेचलेल्या गाठीचा सव्वापाच. १९१० ते १९७० या काळात सुमारे ६० लाख काळी माणसं दक्षिण सोडून उत्तरेच्या शहरांत गेली. त्यांच्याबरोबर गाणंही कारखान्यांच्या वस्तीत आलं आणि त्यातून पुढची सगळी घराणी निघाली. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातल्या एका इमारतीत कूल हर्क नावाच्या तरुणाने तबकड्यांचा खेळ मांडला. हिप-हॉपची सुरुवात तिथून मोजतात. मुंबईत दलित पँथर स्थापन होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. आज नागपूर-अमरावतीची पोरं भीमजयंतीला रॅप म्हणतात तेव्हा वामनदादा कर्डकांची शाहिरी आणि ब्रॉन्क्सची बोली एकाच ठेक्यावर येतात.

विदर्भात वेचणी अजून हातानेच होते. पण वेचायला माणसं मिळत नाहीत, मुली कारखान्यात जातात, आणि रांगेत आता गळ्याऐवजी मोबाइलचा स्पीकर वाजतो. ग्रामीण महाराष्ट्रातल्या बायांच्या जात्यावरच्या ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी वर्षानुवर्षं गावोगाव फिरून जमवल्या. तो संग्रह एक लाखाच्या पुढे गेला आहे. वेचणीच्या गाण्यांसाठी तितक्याच नेटाने काम व्हायला हवं. मी माझ्यापुरतं सुरू केलं आहे. हंगामात सुटीच्या दिवशी विद्यार्थ्यांना घेऊन वावरात जातो. गिटार घरी ठेवायची, मोबाइलवर फक्त मुद्रण करायचं.

सिंदी रेल्वेकडच्या एका वावरात सत्तरीच्या एका आजीने आम्हाला विचारलं, हे कशासाठी? मी तिला मिसिसिपीची गोष्ट थोडक्यात सांगितली. ती ऐकत ऐकत वेचत होती. मग म्हणाली, "त्या बायांले बी वजनावरच पैशे भेटे का?" मी सांगितलं, गुलामी होती तोवर काहीच नाही, नंतर रोजाने वेचणाऱ्यांना शंभर पौंडांमागे काही सेंट. तिने पुढचा प्रश्न केला, "काटा कोनाचा होता?" मालकाचाच, मी म्हणालो. मग तिने काटा मारणाऱ्या मालकावरच्या दोन ओव्या सांगितल्या आणि शेजारच्या तासातल्या जावेला तिसरी आठवली. त्या तिन्ही आम्ही मुद्रित केल्या आहेत. दोन ओव्यांची चाल धानीच्या जवळ जाते. तिसरीतला गंधार पेटीवर लागत नाही, तो गिटार वाजवणाऱ्या मुलाने तार ओढून काढला.